लाईन चालू हाय

इंदूवहिनी माझ्याकडे येते तेव्हा आधी तिचा आवाज येतो आणि मग ती. फाटकापासूनच तिचं सुरू होतं, "ताई, मी आले गं. मी इंदू. आले बरं का." घरात मी एकटीच असते आणि मला स्वच्छ ऐकू येतं. तीस-पस्तीस वर्षं शेजारी राहिलेली बाई, तिची चप्पल वाजली तरी मी ओळखते. पण ती सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ही सवय तिला रोकडेभाऊंमुळे, म्हणजे तिच्या नवऱ्यामुळे लागली, तीही त्यांच्या शेवटच्या वर्षात. भाऊ जाऊन दोन पावसाळे झाले, सवय काही गेलेली नाही.

भाऊ भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये टेलिफोन ऑपरेटर होते. आमचे हे तिथंच फिटर, म्हणून आम्हीही क्वार्टरमध्ये. आताच्या पोरांना सांगितलं तर हसतील, पण तेव्हा एका खोलीत भिंतीएवढा बोर्ड असायचा आणि त्याला भोकंच भोकं. कुणाला कुणाशी बोलायचं असलं की बोर्डासमोर बसलेल्या माणसानं एका भोकातली वायर काढून दुसऱ्यात खुपसायची. डोंगरावर धरणाच्या पाण्यापाशी बसलेला राखणदार, खाली मशीनवरचे लोक, साहेबांचे बंगले, सगळे भाऊंच्या दोन हातांतून एकमेकांशी बोलायचे. फोन उचलला की भाऊ म्हणायचे, "गुड मॉर्निंग, जय भीम." गुड मॉर्निंग साहेबलोकांसाठी, जय भीम सगळ्यांसाठी, दोन्ही एकाच दमात. आणि जोडून दिलं की म्हणायचे, "बोला. लाईन चालू हाय."

ड्यूटीला जाताना हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालायचा, तेल लावून भांग पाडायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, फोनवर कोण बघतंय तुमचा भांग?" तर म्हणाले, "मास्तरीणबाई, शर्टाला इस्त्री असली की आवाजालाबी व्हते." मी नेरळच्या शाळेत शिकवायचे म्हणून मी मास्तरीणबाई. कॉलनीत सगळे मला त्याच नावानं हाक मारायला लागले ते भाऊंमुळेच.

ऐकताना भाऊ डोळे मिटायचे. बोर्डासमोर तर मिटायचेच, पण घरी कुणी समोर बसून काही सांगायला लागलं तरी यांचे डोळे बंद. नवख्या माणसाला वाटायचं, झोप लागली. माझ्या सासूबाई एकदा रागावून उठूनच आल्या, म्हणाल्या, "मी एवढं दुखणं सांगतेय आणि मेला घोरतोय." मेला घोरत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला घेऊन दारात हजर. "कान उघडायचा तर डोळं मिटावं लागतंय," असं ते म्हणायचे. "डोळा लई बडबड्या. तो कानाला बोलूच देत नाय."

एकदा भर पावसात वरच्या राखणदाराचा फोन आला. रोजच्यासारखं त्यानं सांगितलं, सगळं ठीक. भाऊंनी डोळे उघडले आणि सुपरवायझरना म्हणाले, "साहेब, ठीक म्हणतोय पर ठीक नाय तो." लोक वर गेले. गडी पाय मोडून पडलेला होता. एवढ्या पावसात आपल्यासाठी कुणाला कशाला चढवायचं, म्हणून बोलला नव्हता. खांद्यावर घालून खाली आणला तर भाऊंना म्हणतो, "तुला कुणी सांगितलं रं?" भाऊ म्हणाले, "तूच की."

आता या माणसाचं बायकोशी बोलणं सांगते. ऑपरेटर म्हणून त्यांच्या क्वार्टरमध्ये फोन होता. ड्यूटी संपली की भाऊ घरी फोन करायचे आणि एकच शब्द बोलायचे, "निघालो." वहिनी म्हणायची, "हां." आणि फोन ठेवून तवा चुलीवर. भाऊ हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. दिवसभर गावाचं बोलणं ऐकून आलेला माणूस घरात गप्प. वहिनी चिडवायची, "ताई, माझ्या वाटणीला रोज एकच शबुद येतो. तोबी पॉवर हाऊसच्या फोनवरनं, फुकटचा."

निवृत्तीनंतर आम्ही कळंबकडच्या रस्त्याला शेजारी शेजारी घरं बांधली. मध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावर वाकलेला त्यांचा पेरू. आमचे हे लवकर गेले. भाऊ-वहिनींचा मुलगा प्रकाश खोपोलीला कारखान्यात लागला आणि तिथंच शिळफाट्याला बिऱ्हाड करून राहिला. मग या बाजूला मी एकटी आणि त्या बाजूला ती दोघं.

सुरुवात त्या पेरूपासून झाली. एका दुपारी भाऊ भिंतीशी उभे राहून हळू आवाजात कुणाला तरी समजावत होते, "उतरा रं पोरांनो, फांदी कच्ची हाय." मी बघितलं तर झाडावर चिटपाखरू नाही. म्हटलं, "कोण आहे हो?" म्हणाले, "ही बारकी बारकी पोरं. बोलत नायत, नुसती बसून ऱ्हातात." माझ्या अंगावर काटा आला. भाऊ मात्र अगदी शांत. त्यांना ती पोरं दिसत होती आणि पडतील याची काळजी वाटत होती, बस. पुढे हात कापायला लागला, पाऊल लहान पडायला लागलं, झोपेत लाथा झाडायला लागले. वहिनीची चुलत जाऊ येऊन सांगून गेली, हे बाहेरचं आहे, बघून घ्या कुणाकडून तरी. वहिनी तिच्यावर कडाडली, "माझ्या सासूनं दीक्षा घेतली तवा सगळं देव नदीत सोडलं, ते मी आता कमरेएवढ्या पाण्यात शोधत फिरू व्हय?"

आणि मग एका सकाळी वहिनीनं चहा पुढं ठेवला तर भाऊ म्हणाले, "कशाला तरास घेतलात बाई?"

वहिनीला वाटलं, थट्टा. म्हातारपणी तरी थट्टा सुचली म्हणून ती हसली. दुपारी जेवताना भाऊंनी विचारलं, "आमची मंडळी कवा येणार, काय सांगून गेली का तुमाला?" तेव्हा ती तशीच उठून माझ्याकडे आली. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, माझ्याकडं बगा. मी मीच हाय ना?"

भाऊ काही विसरले नव्हते, हे आधी सांगून ठेवते. लोकांना वाटतं, म्हातारपणी डोकं गेलं म्हणजे सगळं पुसलं. मी मास्तरीणबाई, हे ठाऊक. प्रकाश ठाऊक, नातीचं नाव ठाऊक, आपल्याला इंदू नावाची बायको आहे हे तर पक्कं ठाऊक. फक्त समोरची ही बाई इंदू नव्हे. दिसायला इंदूसारखी आहे, पण ती नव्हे. त्यांचं सगळं वागणं मग त्याला धरून. बायको घरात नसताना परक्या बाईसोबत एका खोलीत कसं झोपायचं? त्यांनी आपली गादी उचलली आणि पडवीत टाकली. वहिनीनं सवयीनं "अवं" म्हटलं तर लाजून इकडेतिकडे बघायचे. "बाई, मला अवं म्हणू नका. चार लोक ऐकतील." वहिनी हे सांगताना हसायची आणि हसता हसता पदर तोंडात कोंबायची. "एवढा इमानदार नवरा कुणाला मिळतो सांगा ताई? माझ्यापायी माझ्याकडं बघंना झालाय."

आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर पुरावे गोळा केले. प्रकाशनं आधार कार्ड दाखवलं. भाऊ म्हणाले, "हा फोटू तर माझाबी माझ्यासारखा नाय." मग मी डोकं चालवलं. वहिनीचं जुनं हिरवं लुगडं ट्रंकेतून काढलं, क्वार्टरमध्ये असताना घालायची तसा अंबाडा घातला, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं आणि लग्नातला फोटो शेजारी धरून तिला उभी केली. भाऊंनी फोटो बघितला, वहिनीला बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हुबेहूब," म्हणाले. "कुणी शिकवलं हे तुमाला? आवाजबी तिचाच काढता. कशापायी एवढं सोंग?" आम्हाला वाटलं होतं, जितकी सारखी दिसेल तितकी पटेल. झालं उलटंच. जितकी सारखी, तितकी लबाड.

त्याच वेळी त्यांची नजर तिच्या गळ्याकडे गेली. "हे मंगळसूत्र माझ्या बायकूचं हाय. ह्या वाट्या मी कर्जतला घडवून घेतल्यात. तुमच्याकडं कसं आलं?"

 प्रकाश मान खाली घालून उभा. वहिनीनं दोन्ही हात मागे नेले, फासा सोडला आणि मंगळसूत्र काढून भाऊंच्या पुढ्यात धरलं. "चुकून घातलं व्हतं," म्हणाली. "तुमची मंडळी आली की तिला द्या." भाऊंनी रुमाल काढला, त्यात ते नीट गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या दिवसापासून तो रुमाल खिशातच. शर्ट बदलला की रुमाल नव्या शर्टात. आणि नवरा धडधाकट समोर बसलेला असताना वहिनीचा गळा मोकळा. बाया काय कमी बोलल्या? नळावर तिच्या तोंडावर बोलल्या. मी एकदा म्हटलं, "अगं, साधी काळी पोत तरी घाल." म्हणाली, "नको. त्यांनी हातानं दिलं तर घालीन. न्हायतर ऱ्हाऊ दे."

गोळ्यांचीही एक तऱ्हा झाली. जवळच्या एका डॉक्टरनं शांत राहायची गोळी दिली. दोन-तीन दिवसांत भाऊ लाकूड झाले. मान वळेना, घास गिळेना, लाळ गळायला लागली. आम्ही घाबरून पनवेलला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची पोरगी, पण कामाची पक्की. तिनं ती गोळी आधी बंद केली. या आजारात ती मुळीच चालत नाही, म्हणाली. मग आम्हाला बसवून सांगितलं की हा विसरण्याच्या आजाराचाच एक भाऊबंद, पण यात आठवण जायच्या आधी दिसणंच बिघडतं. नसलेली पोरं दिसतात ती त्यातलीच. आणि ओळख पटते ती दोन वाटांनी. डोळा चेहरा दाखवतो आणि त्याच वेळी आतून कुठूनतरी 'हे आपलं माणूस' अशी ऊब येते. भाऊंची पहिली वाट ठीक होती, दुसरी बंद पडलेली. चेहरा येतो, ऊब येत नाही. मग मेंदू बिचारा आपल्या परीनं हिशेब लावतो की ही तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणीतरी आहे.

वहिनी सगळं ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "म्हंजी ऊब मेली का वाट मोडली?"

डॉक्टरीण म्हणाली, "वाट मोडली, आजी. ऊब आहे. बघा ना, ते तुमचीच तर वाट बघतायत."

परत येताना टेंपोत मला म्हणाल तर माझा जीव थोडा हलका झाला होता.

तरी दिवस वाईटच होते. परक्या बाईच्या हातचं किती खायचं, म्हणून भाऊ दोन घासांवर उठायचे. बायकोला शोधायला म्हणून दोनदा रस्त्याला लागले, एकदा तर पार नदीच्या पुलापर्यंत. प्रकाश म्हणायला लागला, आई, तू शिळफाट्याला चल, बाबांना कुठंतरी ठेवू. मुलगा वाईट नाही, घाबरला होता. वहिनी म्हणाली, "चार दिवस येते, नातीचा वाढदिवस हाय. पर ह्यांना ठेवायची भाषा काढू नको." प्रकाशचा मेहुणा भाऊंजवळ झोपायला आला आणि वहिनी गेली.

दुसऱ्या संध्याकाळी मी भाऊंना भात-आमटी घेऊन गेले, तर ते पडवीत गादीवर बसलेले. खाली ठेवलेला त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी उचलला, कानाला लावला, सवयीनं डोळे मिटले. आणि मी बघतच राहिले. महिनोन्महिने ओढलेला तो चेहरा एकदम सैल पडला.

"अगं, कुठं हायस तू?" भाऊ म्हणाले. "किती दिस झालं! इथं एक बाई येऊन ऱ्हायलीय."

 पलीकडून वहिनीचं रडणं मला उभ्या जागी ऐकू आलं.

"रडू नगं गं," भाऊ म्हणाले. "मी हाय ना."

वहिनी दुसऱ्या सकाळच्या पहिल्या एसटीनं परत आली. धावत घरात शिरली आणि भाऊंनी मान वर करून विचारलं, "बाई, परत आलात?"  पण बाई खमकी. संध्याकाळी मोबाईल पदराखाली घेऊन माझ्या ओट्यावर आली, मधल्या भिंतीला पाठ लावून बसली आणि पलीकडे पडवीत बसलेल्या नवऱ्याला फोन लावला, तर फोनवर भाऊंनी तिला पुन्हा ओळखलं. पनवेलच्या डॉक्टरणीला विचारलं तर ती म्हणाली, कानाची वाट शाबूत असेल, फक्त चेहरा समोर आला की तो कानाचं चालू देत नाही. मला भाऊंचंच बोलणं आठवलं. डोळा लई बडबड्या.

मग फोनचं रोजचं झालं, आणि आधी आवाज, मग चेहरा, ही वहिनीची सवयही तेव्हाचीच. दिवे लागायच्या वेळी वहिनी माझ्या ओट्यावर आणि भाऊ त्यांच्या पडवीत. मध्ये पेरू आणि कमरेएवढी भिंत. "ती बाई देईल ते जेवा, मी सांगितलंय तिला," असं वहिनी सांगायची आणि भाऊ जेवायचे. अंगावर मांस चढलं. प्रकाश ठेवायची भाषा विसरला. आणि जन्मभर एका शब्दावर भागवणारा हा माणूस बोलायला लागला! पॉवर हाऊसचं, आईचं, लग्नात वहिनीची चप्पल हरवली होती त्याचं. "मला कधी सांगितलं नाय हे," वहिनी फोनवर हात ठेवून मला म्हणायची, तोंड नव्या नवरीसारखं लाल. भाऊ त्या बाईबद्दलही सांगायचे. "बरी हाय बिचारी. कालवण तुझ्याच हातासारखं. पर पाठ फिरवून रडती. तिला घरी जाऊ दे गं. तिचाबी कुणी नवरा आसंल, वाट बगत आसंल."

 

भाऊ नंतर थंडीत छातीला कफ होऊन गेले. हॉस्पिटलात नाकातोंडात नळ्या घातलेले भाऊ मी बघितले, पण ते मी आठवत नाही. मी आठवते ती भाताची कापणी संपल्यानंतरची एक संध्याकाळ.

वहिनी ओट्यावर बसून बोलत होती आणि मोबाईलची रेंज गेली. आमच्याकडे ती जातेच. वहिनीच्या ते ध्यानात आलं नाही. ती आपली मोठ्यानं, "हॅलो, हॅलो, ऐकताय न्हवं? अवं, बोला की." मी दारात उभी होते. बघते तर भाऊ पडवीच्या पायऱ्या उतरत होते. लहान लहान पावलं, एका हातानं फोन कानाला घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. लाईन तुटली की बोर्डावर शोधायचे तशी ती शोधत होते. दुसऱ्या हातानं पेरू चाचपला, भिंत चाचपली आणि भिंतीला पोट लावून थांबले.

वहिनीनं वळून बघितलं आणि ती गप्प झाली. हातभर अंतर होतं. डोळे उघडले की संपलं, पुन्हा बाई, पुन्हा परत आलात. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हातानं खूण केली, बोल, अगं बोल.

भाऊंनीच सांगितलं. "बोल गं. लाईन चालू हाय."

"जेवलात?" वहिनी म्हणाली. एवढंच सुचलं तिला.

"नाय अजून." मग भाऊंनी फोन भिंतीवर ठेवला, कापत्या हातानं खिसा चाचपला, रुमाल काढला आणि मिटल्या डोळ्यांनी भिंतीवरून पुढे धरला. "हे घे. त्या बाईच्या गळ्यात व्हतं. सांभाळून ठेवलंय. तिला बोलू नगंस काय, गरीब हाय."

वहिनीनं रुमाल घेतला. गाठ तिच्यानं सुटेना, ती मी सोडली. फासा तिच्यानं लागेना, तोही मीच लावला.

"घातलंस?" भाऊंनी विचारलं.

"घातलं," वहिनी म्हणाली.

 भाऊ भिंतीला हात धरून वळले, डोळे अजून मिटलेलेच, आणि आपल्या घराकडे तोंड करून म्हणाले, "निघालो."

"हां," वहिनी म्हणाली, आणि माझ्या मागच्या दारानं, अनवाणी, पळत सुटली, ते पोचायच्या आत तवा ठेवायला.